वैयक्तिक खुलासा

बाईंचा हात थांबला. पेन कागदाला टेकलेलं, पुढे सरकायचं नाव नाही, आणि टोकाखाली शाईचा ठिपका पसरत चाललेला. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. सभागृहात अध्यक्षांच्या आसनाच्या पायथ्याशी वृत्तलेखकांचं एक बुटकं टेबल असतं. सभासद जे बोलतील ते लघुलिपीत उतरवून घ्यायचं, दहा मिनिटं झाली की दुसऱ्याने येऊन बसायचं आणि आपण आत जाऊन ती दहा मिनिटं टाइप करायची, एवढंच त्या टेबलाचं काम. त्या टेबलाशी बाई अंगात ताप असताना बसल्या होत्या, आई गेली त्या आठवड्यात बसल्या होत्या, दोन सभासद डोक्यावर उभे राहून एकमेकांच्या कॉलरला हात घालत होते तेव्हाही बसल्या होत्या आणि कोण कोणाला काय म्हणालं ते सगळं शिव्यांसकट उतरवलं होतं. काम शिकवणारे मास्तर म्हणायचे, शब्द कानातून सरळ हातात गेला पाहिजे, वाटेत डोक्यात थांबला की संपलं. आपण ऐकायचं नसतं, उतरवायचं असतं. आणि आज बाईंनी ऐकलं. माणसं ऐकतात तसं, साधं. तीन वाक्यं ऐकली आणि ती तिन्ही कागदावर आलीच नाहीत. मग अध्यक्षांनी पुढच्या सभासदाला पुकारलं, हात आपसूक चालू लागला, आणि वहीत ठिपक्यापुढे चार बोटं जागा कोरी राहिली.

बोलत होते ते पूर्णविराम. हे वृत्तलेखकांच्या खोलीतलं नाव. त्या खोलीत प्रत्येक सभासदाला एक नाव असतं आणि ते पक्षावरून नव्हे, बोलण्यावरून पडतं. एक मालगाडी होता, एक गुळणी, एकाला तर नुसतं ‘म्हणजे काय की’ म्हणत, कारण त्याच्या दहा मिनिटांतली चार त्यातच जायची. पूर्णविरामांचं वाक्य सुरू झालं की संपायचं. कर्ता हरवला, क्रियापद शोधतोय, असली भानगड नाही. बाकीचे सभासद संध्याकाळी टाइप केलेली पानं तपासायला मागवत आणि सभागृहात जे सुचलं नव्हतं ते चहानंतर समासात घुसडत. पूर्णविरामांची पानं मात्र गेली तशी परत यायची, खाली फक्त सही. माणूस कट्टर देशाभिमानी. देश म्हटलं की त्यांचा आवाज खाली उतरायचा, चढायचा नाही, आणि बाईंना तेच आवडायचं. बाळंतपणात कामावरून काढलेल्या बायकांच्या प्रश्नावर ते एकदा म्हणाले होते, ज्या बाईची नोकरी तिच्या मुलाने खाल्ली असं आपण ठरवतो, तिने झेंड्यापुढे कशासाठी उभं राहायचं? गटारात उतरणाऱ्या माणसांवर बोलले तेव्हा त्यांच्याच पक्षाचे लोक चुळबुळत होते. देश मोठा आहे की नाही हे तो आपल्या सर्वांत खालच्या माणसाशी कसा वागतो त्यावर मोजायचं, हे त्यांचं गणित, आणि ते त्यांनी तीस वर्षं सोडलं नाही. बाई घरी जाऊन नवऱ्याला ती वाक्यं म्हणून दाखवायच्या. नवरा म्हणायचा, तुझं लग्न माझ्याशी झालंय का त्यांच्याशी, एकदा ठरव. नवरा जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

त्यांचं हे गणित एकाच ठिकाणी चुकायचं, सरहद्दीवर. आपल्या मुलीने परदेशी माणसाशी लग्न केलं तर तिच्या मुलांना आपलं नागरिकत्व आईकडून मिळावं, असं विधेयक बावीस वर्षांपूर्वी आलं होतं. पूर्णविराम त्याच्याविरुद्ध उभे राहिले, आणि शेवटची दहा मिनिटं बाईंच्या वाट्याला आली. आजही बाईंना ते पान डोळ्यांपुढे दिसे. ‘जी मुलगी परक्याचा हात धरते तिने आशीर्वाद जरूर न्यावेत, देश नेऊ नये, देश माहेरची पेटी नव्हे.’ टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी नियमाप्रमाणे कंसात ‘टाळ्या’ असं लिहिलं आणि लिहिताना अंगावर काटा आला, म्हणजे तेव्हाही थोडं ऐकलंच होतं म्हणायचं. विधेयक पडलं. लेक तेव्हा अकरा वर्षांची होती, दुधाचे दात पाडून झालेली, उंच व्हायला लागलेली. पुढे दहा-बारा वर्षांनी तीच लेक जेवायच्या टेबलावर समोर बसून म्हणाली की मी लग्न करतेय आणि तो इथला नाही. बाईंचा घास हातात राहिला. बाई तशा शब्दांना लाजाळू, दुसऱ्यांचेच शब्द वापरायची सवय. त्या वेळी तोंडातून जे निघालं ते अख्खं, स्वल्पविरामासकट, पूर्णविरामांचं वाक्य होतं. लेकीने ताट सरकवलं. दारात जाताना म्हणाली, ‘हे तू पाठ करून ठेवलं होतंस.’

लेक चार वर्षांपूर्वी परत आली, एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात पाच वर्षांची मुलगी. जावई तिकडेच कुठेतरी होता. कुठे ते त्याला तरी माहीत होतं की नाही कोण जाणे. लेक परत आली ती इथलीच म्हणून, नात आली ती पाहुणी म्हणून. दरवर्षी त्या पोरीला घेऊन एका कचेरीच्या खिडकीशी उभं राहायचं, वर्षभराची राहण्याची परवानगी मागायची, शिक्का घ्यायचा. नात इथल्या शाळेत जाते, इथल्या मुलींशी भांडते, झोपेत इथल्या भाषेत बडबडते. या वर्षी खिडकीतून कागद आला की पुढची परवानगी वडिलांच्या सहीशिवाय मिळणार नाही, आणि मुदत तीन महिन्यांची. सही कुठून आणायची? तीन महिन्यांनी नऊ वर्षांच्या पोरीला कुठे पाठवायचं? लेक तिच्याबरोबर जाईल हे उघडच होतं, आणि मग त्या घरात बाई आणि घड्याळ. अशात तेच विधेयक पुन्हा आलं. मतांचं माप इतकं सारखं की दोन्ही बाजू आजाऱ्यांनाही दवाखान्यातून उचलून आणणार अशी बोलवा होती. सगळं पूर्णविरामांच्या पक्षावर अडलं होतं आणि तो पक्ष विरोधात जाणार असं ठरल्यासारखं होतं. आज पूर्णविराम उठले, सरहद्दीवर बोलले, रक्तावर बोलले, देश म्हणजे धर्मशाळा नव्हे असंही बोलले. बाईंचा हात चालत होता. वेळ संपली, लाल दिवा लागला, सभासदाची वेळ संपली की माइक बंद होतो तसा माइक बंद झाला. समोरच्या बाकांवर गलका सुरू झालाच होता. तेव्हा पूर्णविराम थोडे पुढे वाकले आणि आपल्या त्या खालच्या आवाजात म्हणाले की बावीस वर्षांपूर्वी मी याच्या विरोधात बोललो होतो. तेव्हा मी चुकलो. या विधेयकाला माझं मत आहे. माइक नाही, ध्वनिमुद्रण नाही. ऐकू गेलं ते पायथ्याच्या टेबलाला. आणि टेबलावरची बाई ऐकत बसली.

आत येऊन बाई टाइप करायला बसल्या. त्या ठिपक्यापर्यंत सगळं सुरळीत आलं. शब्द तर तोंडात होते. दोन ओळींचं काम, कोणाला कळणार होतं? पण वृत्तलेखकाची वही सहा महिने कपाटात राहते आणि कोणीही सभासद ती मागवू शकतो. वहीत नसलेलं पानावर आलं तर ते वृत्तलेखकाने घातलं असं होतं. कोणी घातलं, तर जिच्या नातीला त्याचा फायदा आहे तिने. त्या पोरीचा अर्ज त्याच दिवशी मातीत गेला असता. हे एक कारण. दुसरं असं, की बाईंना स्वतःचाच भरवसा वाटेना. आपल्याला जे ऐकायचं होतं तेच नेमकं ऐकू आलं असेल तर? खोटं लिहिण्याइतकं खरं ऐकणंही कधी कधी संशयाचं होतं. कानात आवाज स्पष्ट होता आणि तरी बाई तो तपासत बसल्या, जिभेने दुखरा दात चाचपावा तसा. शेवटी त्यांनी त्या जागी, नोंद सुटल्याची खूण म्हणून, टिंबं दिली आणि पान खोलीच्या प्रमुखांकडे दिलं. प्रमुखांनी चष्मा वर करून आधी टिंबांकडे आणि मग बाईंकडे पाहिलं. ‘बाई, तुमच्या पानावर?’ एवढंच ते म्हणाले, आणि बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तासाभरात पूर्णविरामांच्या पक्षाचे प्रतोद आले. पक्षाच्या सभासदांनी कुठे मत द्यायचं हे पाहणं हे प्रतोदाचं काम, म्हणून हा माणूस कायम घाईत असतो. आज मात्र त्याला निवांतपणा होता. पुढच्या बाकांवर कोणी म्हणे काही ऐकलं, कोणी म्हणे काही नाही, तेव्हा अधिकृत काय आहे ते बघावं म्हणून आलो, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं. पान वाचलं. टिंबांवर बोट ठेवलं. छान आहे, असंच राहू द्या, म्हणाले. साहेबांचं वय झालंय, वेळ संपल्यावर माणूस पुटपुटतो, सगळंच काही नोंदायचं नसतं. ‘जे तुम्ही टिपलं नाही ते झालं नाही, बाई. एकतीस वर्षं तुम्ही आम्हाला हेच सांगत आलात.’ आणि ते खरं होतं. हेच बाईंना झोंबलं. त्यांच्या कामाचा सगळा अभिमान त्या एका वाक्यात होता आणि तो आता त्यांच्या नातीच्या गळ्याशी आला होता. टिंबांचं पान घेऊन प्रतोद उद्या सकाळी पक्षाच्या बैठकीत बसणार, साहेबांचं भाषण विरोधातलंच आहे म्हणून दाखवणार, आणि सगळे विरोधात हात वर करणार. हे कळायला प्रतोद व्हायला नको होतं.

बाई पान आणि वही घेऊन उठल्या. सभासदांची पानं शिपाई नेतो, वृत्तलेखक जात नाही, असा रिवाज. पण पाय निघाले. लांबलचक व्हरांडा, दोन्हीकडे सारखी दारं, मेण लावलेल्या फरशीवर स्वतःच्याच चपलेचा आवाज. इतकी वर्षं बाईंनी या माणसाचा आवाज रोज हाताखालून जाऊ दिला होता आणि त्यांच्या खोलीचं दार कधी पाहिलं नव्हतं. खोली अगदी लहान निघाली. फायली, एक खाट नाही की कोच नाही, खिडकीत पाण्याचा तांब्या. पूर्णविराम जवळून पाहिले तर आणखी म्हातारे होते, कानात केस, शर्टाचं वरचं बटण दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं. त्यांनी पान वाचलं, मग वही मागितली. लघुलिपी त्यांना येत नव्हती, पण ठिपका कोणालाही दिसला असता.

‘इथे थांबलात?’

‘हो.’

‘ऐकू आलं नाही?’

‘आलं. म्हणूनच थांबले.’

त्यांनी खुर्ची दाखवली. बाई बसल्या आणि मग एकतीस वर्षांत कोणत्याही सभासदाशी कामापलीकडे चकार शब्द न बोललेली ती बाई सगळं बोलून मोकळी झाली. नात, खिडकी, तीन महिने. जुनं भाषण आपणच उतरवलं होतं हेही सांगितलं, कंसातल्या टाळ्याही. आणि ते वाक्य आपण जेवणाच्या टेबलावर कोणाला ऐकवलं तेही.  पूर्णविरामांनी वही मिटून बाईंपुढे ठेवली.

‘भाषण चांगलं होतं ते,’ ते म्हणाले.

‘फार चांगलं होतं.’

‘तेच वाईट झालं. वाईट असतं तर लोक विसरले असते.’

मग त्यांनी आपणहून सांगितलं की मत बदललं ते कोणी पटवून दिलं म्हणून नाही. पटवायला आलेल्यांशी ते भांडलेच. एकदा दुसऱ्याच कामासाठी एका कचेरीत रांगेत उभे होते. पुढच्या बाईच्या कडेवरचं मूल राष्ट्रगीत गुणगुणत होतं, अर्धे शब्द चुकीचे, चाल बरोबर. आणि खिडकीतला माणूस विचारत होता, मुलाचा देश कोणता? पूर्णविराम रांग सोडून घरी गेले. ‘मी जन्मभर ज्याच्यासाठी भांडलो,’ ते म्हणाले, ‘ते त्या पोराला येत होतं. आणि आम्ही त्याला दारात उभं केलं होतं.’ काल-परवापर्यंत धीर झाला नव्हता. आजही वेळेत बोलायचा झाला नाही, वेळ संपल्यावर बोललो, हेही त्यांनी कबूल केलं. बाईंनी पान पुढे केलं. तुम्ही तुमच्या हाताने लिहा, सही करा, तुमचं तुम्हाला माहीत आहे. त्यांनी मान हलवली.

‘तुम्ही लिहिलंत तर नातीसाठी घुसडलं म्हणतील. मी लिहिलं तर मागाहून शहाणपण सुचलं म्हणतील. पान आहे तसंच जाऊ दे.’ आणि टिंबांखाली नेहमीसारखी सही केली. मग म्हणाले, ‘उद्या पुन्हा बोलतो. स्वतःच्या भाषणाबद्दलच्या वैयक्तिक खुलाशाला पक्षाची परवानगी लागत नाही. तुमची पाळी असेल तर बदलून घ्या.’

त्या संध्याकाळी बाई घरी कोणाशी धड बोलल्या नाहीत. नातीने गणितं दाखवली तर बरोबरला चूक म्हणाल्या. रात्रभरात माणूस बदलू शकतो, त्याला बदलवणारे असतात, तब्येत असते, पक्ष असतो. बाईंना आठवत राहिलं की टिंबांनी पूर्णविरामांना सुटायला एक दार उघडून दिलं होतं आणि ते दार बाईंनीच उघडलं होतं. काहीही न करता ते गप्प बसले असते तरी कोणी त्यांना नाव ठेवलं नसतं. उलट सगळे खूश झाले असते. एवढं सोपं असताना कोण बोलेल? बाईंनी त्या माणसावर तीस वर्षं जीव टाकला होता, आणि आता पहिल्यांदा त्यांना त्याची परीक्षा पाहावी लागत होती.

सकाळी पहिल्या दहा मिनिटांची पाळी बाईंनी दुसऱ्याला दिली आणि सभागृहाच्या दाराशी, वृत्तलेखक ये-जा करतात तिथे, हात रिकामे घेऊन उभ्या राहिल्या. रिकाम्या हातांचं काय करायचं ते कळेना. अध्यक्ष आले. पूर्णविराम उठले. प्रतोद त्यांच्या मागच्या बाकावरून वाकून काहीतरी कुजबुजत होते, त्यांच्या कोटाची बाही धरलेली. पूर्णविरामांनी मागे न बघता बाही सोडवली.

‘अध्यक्ष महोदय, काल माझी वेळ संपल्यावर मी तीन वाक्यं बोललो. ती नोंदली गेली नाहीत. दोष माझा, वेळ संपल्यावर बोलू नये. म्हणून आज वेळेत बोलतो.’ माइक चालू होता, आवाज पार गॅलरीपर्यंत जात होता. ‘बावीस वर्षांपूर्वी याच जागेवरून मी या विचाराच्या विरोधात बोललो. तेव्हा मी चुकलो. माझा देश इतका लहान नाही की आपल्या मुलीचं मूल त्यात मावणार नाही. या विधेयकाला माझं मत आहे.’ त्यांच्या स्वतःच्या बाकांवरून कोणीतरी काहीतरी ओरडलं. ते थांबले. ‘तेव्हा मला टाळ्या पडल्या होत्या, त्या नोंदलेल्या आहेत. आज पडल्या नाहीत तरी चालेल,’ म्हणाले आणि बसले.

टाळ्या पडल्या नाहीत. गलका झाला. बाई दाराशी उभ्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. त्यांना त्या क्षणी तो म्हातारा इतका मोठा वाटला की लाज वाटली, आपण त्याच्यावर रात्रभर संशय घेतला म्हणून. दुपारी मतदान झालं. त्यांच्या पक्षातले सात जण त्यांच्यामागून आले, बाकीचे नाहीत. विधेयक चार मतांनी पास झालं. चार वाजायच्या आत पक्षाने पुढच्या बाकावरची त्यांच्या नावाची पट्टी काढून टाकली होती. जाता जाता बाईंनी पाहिलं, चार स्क्रूंची भोकं तेवढी उरली होती.

घरी लेक नातीच्या गणवेशाला इस्त्री करत होती. ती कामाला होती त्या दातांच्या दवाखान्यातून आजच लवकर आली होती. तिकडे टीव्हीवर सगळं ऐकलं म्हणाली, डॉक्टरांनी पेशंटचं तोंड उघडं ठेवून आवाज वाढवला. हसली आणि कॉलरवरून पुन्हा इस्त्री फिरवली. नात टेबलाशी चित्र रंगवत होती. पोरगी आता कुठे जाणार नाही, हे दोघींना माहीत होतं. बाई पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभ्या राहिल्या.

‘ते वाक्य मी तुला ऐकवलं होतं,’ त्या म्हणाल्या.

लेकीने कुठलं म्हणून विचारलं नाही. इस्त्री उचलून उभी ठेवली.

‘त्यांनी सभागृहात म्हटलं होतं. पण तुझ्यासमोर मी म्हटलं. त्यांचं त्यांनी परत घेतलं. माझं मलाच घ्यायला हवं. मी चुकले, बाळ.’

लेकीने गणवेशाची घडी घातली. बाईंना वाटलं ती आता उठून आत जाईल. तशी ती गेली असती तरी बाईंना काही म्हणता आलं नसतं.

‘लिहून दे,’ लेक म्हणाली.

‘काय?’

‘आत्ता म्हणालीस ते. जगाचं लिहीत आलीस. हे मला लिहून दे.’

बाईंनी नातीच्या वहीतलं एक पान मागून घेतलं आणि बसल्या. सवयीने लघुलिपीत दोन खुणा झाल्या. लेकीला त्या वाचता येणार नाहीत हे ध्यानात येऊन त्या खोडल्या आणि साध्या अक्षरांत लिहू लागल्या. वेळ लागला. हाताला इतक्या सावकाश लिहायची सवय नव्हती, आणि पुढचा शब्द कोणी सांगत नव्हतं. आधी ते जुनं वाक्य लिहिलं, पूर्ण, कोणत्या दिवशी आणि कोणत्या टेबलावर म्हटलं तेही. मग खाली आपलं लिहिलं. लेकीने पान घेतलं, वाचलं, पुन्हा वाचलं आणि परत बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

‘आता वाचून दाखव. मोठ्याने. हिलापण कळू दे.’

नातीने खडू खाली ठेवला. बाई खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या, पान डोळ्यांपुढे धरलं आणि वाचू लागल्या.